सरांची सव्वाचारची बस

कऱ्हाळे सर गेले त्या दुपारी आमच्या कॉलनीच्या गेटची दोन्ही दारं एकदम उघडली होती. एरवी एकच दार उघडतं, दुसऱ्याला आतून कडी असते. मी कॉलेजात, माझ्या ग्रंथालयात होतो. सरांकडे स्वयंपाकाला आणि दिवसभर लक्ष ठेवायला असलेल्या सुमनबाईंचा फोन आला, "साहेब, सर जेवून पडले ते उठूनच नाही राहिले." मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. तासाभरात शववाहिनी आली. मारोती, आमचा दिवसपाळीचा वॉचमन, दारं उघडून बाजूला उभा राहिला. गाडी आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, गाडीची नोंद करू का?" मागून कोणीतरी चिडून म्हणालं, "अरे, आता तरी..." मी म्हणालो, कर. कारण तो नियम सरांचाच होता. आत येणारी प्रत्येक गाडी वहीत लिहायची, कोणाचीही असो. मारोतीनं गाडीचा नंबर लिहिला आणि 'कोणाकडे' या रकान्यात 'सरांकडे' असं लिहून पेन खाली ठेवलं.

या गोष्टीला दीड महिना झाला. सरांवर लिहा, असं दोघातिघांनी सुचवलं. तुम्ही त्यांचे विद्यार्थी, शेजारी, त्यांच्यानंतरचे कॉलनीचे अध्यक्ष, तुम्हीच लिहा, म्हणाले. मी लिहितो आहे, पण हा गौरवाचा लेख होणार नाही, हे आधीच सांगतो. मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती ऐकून घेणारे सर आता नाहीत.

सरांनी आम्हाला आठवीत भूगोल शिकवला. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडत होतो. पण सर फळ्यावर आमच्या भागाचा नकाशा हात न उचलता काढायचे. कयाधूची वेडीवाकडी रेघ, औंढ्याचा डोंगर, कळमनुरी. मग पिवळा खडू घेऊन खाली एक ठिपका द्यायचे आणि म्हणायचे, "हे आखाडा बाळापूर. इथं माझी अक्का राहते." दरवर्षी, प्रत्येक वर्गाला. परीक्षेत नकाशा आला की आम्ही नद्या विसरायचो, पण बाळापूर चुकायचं नाही. सर लहान असतानाच त्यांची आई गेली होती. गयाअक्कानं त्यांना वाढवलं, स्वतःच्या लग्नानंतर सासरी नेऊन शिकवलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर घरी जेवून नांदेडकडं जाणाऱ्या सव्वाचारच्या बसनं बाळापूरला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. त्यांच्या शनिवारात लग्नं, बैठका, आजारपण, काही बसायचं नाही.

पुढं हिंगोलीत वाशीम रस्त्याच्या बाजूला आम्ही काही जणांनी मिळून प्लॉट घेतले, त्यात सर होते. सुरुवातीला कॉलनीला ना भिंत होती ना गेट. मग एका उन्हाळ्यात लोक लग्नांना बाहेरगावी गेलेले असताना लागोपाठ तीन घरं फुटली. त्यातल्या एका घरातली म्हातारी आत एकटी होती. तिला काही झालं नाही, पण ती पुढं महिनाभर स्वतःच्या अंगणात यायला घाबरायची. सरांनी ते मनाला लावून घेतलं. निवृत्त झाले होते, वेळ होता. भिंत किती फुटांची, गेट एकच ठेवायचं की दोन, वॉचमन कुठला, सगळं त्यांनी बघितलं. नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून काढले. येणाऱ्यानं नाव सांगायचं, वॉचमननं त्या घरी फोन लावायचा, घरचा माणूस 'हो' म्हणाला तरच आत सोडायचं. अध्यक्षाच्या पाहुण्यालासुद्धा हेच.

आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्याच घरी पाहुणी आली. गयाअक्का. न कळवता, डोक्यावर वांग्यांचं गाठोडं घेऊन. मारोती नवीन होता, कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावरचं काम सोडून आलेला. त्यानं सरांना फोन लावला, सर आंघोळीला गेले होते, फोन कोणी उचलला नाही. मारोतीनं अक्काला आत घेतलं नाही. अर्धा तास म्हातारी गेटबाहेर उन्हात दगडावर बसून होती. सर धावत आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काय रे किसन, तुझ्या जेलात यायला चिठ्ठी लागती व्हय? आमच्या बाळापुरात तर चोरालाबी पाणी इचारतेत." सर हसले नाहीत. मारोती बाजूला अंग चोरून उभा होता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बराबर केलंस." मग अक्काचं गाठोडं स्वतः उचललं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या खर्चानं गेटच्या आत, लिंबाखाली, सिमेंटचा बाक बसवून घेतला. म्हणाले, "नियम राहू दे. पण ज्याला थांबायचंय, त्यानं सावलीत थांबावं." आम्ही त्याला अक्काचा बाक म्हणायचो.

सरांच्या पत्नी गेल्या आणि त्यानंतरच्या वर्षात सर विसरायला लागले. आधी नावं, मग चुलीवरचं दूध, मग रस्ते. मला ते 'साहेब' म्हणायला लागले, 'तुमी बसा' म्हणायला लागले. ज्या माणसानं मला कान धरून अक्षांश-रेखांश शिकवले, तो माणूस मला अदबीनं खुर्ची द्यायचा तेव्हा कुठं बघावं कळायचं नाही. एका शनिवारी ते बाळापूरला म्हणून निघाले आणि उलट्या दिशेची बस पकडली. संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. मग मारोतीच्या जुन्या ढाब्यावरून फोन आला, तुमच्या कॉलनीचे मास्तर इथं कनेरगाव नाक्याला बसलेत, बाळापूर कुठं गेलं असं इचारून राहिलेत. मी गाडी घेऊन गेलो. सर बाजेवर बसले होते, समोर कोणीतरी ठेवलेला चहा गार झालेला. मला बघून म्हणाले, "साहेब, गाव हलवलं का हो कोणी?"

त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे, हे मुद्दाम लिहितो. तो दोनदा त्यांना घेऊन गेला, दोन्ही वेळा सरांनी जेवण सोडलं, परत आणावं लागलं. तो फोनवर रडत म्हणाला, "काका, गेटवर तेवढं सांगून ठेवा." तोवर अध्यक्षपद माझ्याकडं आलं होतं. मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं: 'कऱ्हाळे सर एकटे दिसल्यास त्यांना गेटबाहेर सोडू नये.' खाली अंगठ्यांची रांग लागली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

सर मात्र रोज यायचे. त्यांच्यासाठी रोजच शनिवार झाला होता. चहा झाला की कापडी पिशवी घेऊन गेटवर हजर. मारोती म्हणायचा, "साहेबाची ऑर्डर न्हाई सर." सर भडकायचे, "कोण साहेब? नियम मी लिहिलेत." एकदा झटापटीत ते पडले, कोपर सोलवटलं. त्या दिवशी मला ती कल्पना सुचली. मी मारोतीला म्हणालो, अडवू नको. नुसतं सांग, सर, बस गेली.

आणि ते चाललं. कसं चाललं, याचं आम्हाला नवल वाटायचं. ऑर्डरवर भांडणारे सर, बस गेली म्हटलं की गप्प व्हायचे. बस गेल्यावर कोणाशी भांडणार? त्यांच्या हातातलं घड्याळ केव्हाच बंद पडलेलं होतं. ते बाकावर थोडा वेळ टेकायचे, मग पिशवी मारोतीच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवायचे आणि म्हणायचे, "असू दे इथंच. उद्या अर्धा घंटा आधी येतो." दुसऱ्या दिवशी खरंच अर्धा तास आधी यायचे. हळूहळू तीनला, मग दोनला, मग भर बाराच्या उन्हात. मारोती सांगायचा, आज लवकर सोडली सर. पुढं पुढं सगळ्या कॉलनीला ते तोंडपाठ झालं. भाजी घ्यायला उभ्या असलेल्या बाया सांगायच्या, सायकलवरची पोरं सांगायची. अकरा नंबरच्या घरातल्या आजी तर गॅलरीतून हाक मारायच्या, "गेली की हो सर तुमची बस. या, चहा घेऊन जा." त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. वार्षिक सभेत एकानं उभं राहून माझं कौतुक केलं, की अध्यक्षांनी किती माणुसकीनं हा प्रश्न सोडवला. टाळ्या वाजल्या. सरही सभेत होते, त्यांनीही वाजवल्या.

मला गाडी चालवता येते. कॉलनी ते बाळापूर, रमतगमत गेलं तरी तास-सव्वा तास. हे मी दीड महिना स्वतःला सांगतो आहे. एखाद्या रविवारी सरांना गाडीत घालून नेलं असतं, अक्काच्या अंगणात दोन तास बसवलं असतं... मी 'पुढच्या रविवारी' म्हणायचो. मनात भीती होती की एकदा नेलं तर ते पुन्हा मागे लागतील, आणि गेटवर जमलेलं सगळं विस्कटेल. भाऊबिजेला तरी न्यायला हवं होतं. भाऊबिजेच्या आधी सरांनी सुमनबाईंना सोबत घेऊन अक्कासाठी लुगडं आणलं होतं, मला दाखवलंही. आमच्याकडं पाहुणे होते. मी फोनवर अक्काशी त्यांचं बोलणं करून दिलं आणि भाऊबीज झाली असं समजलो.

तो दिवस हळदीच्या काढणीतला होता. कॉलेजात तपासणी समिती आली होती आणि मी, ग्रंथपाल, फायली घेऊन उभा होतो. सव्वातीनच्या सुमारास मारोतीचा फोन आला.

"साहेब, सर आज ऐकूनच नाही राहिले."

"काय म्हणतात?"

"अक्का सिरीयस हाय म्हणतेत. भाच्याचा फोन आलता म्हणतेत."

सर असं याआधीही म्हणाले होते. अक्का वाट बघते, अक्कानं बोलावलंय, अक्काचं लगीन आहे. मी म्हणालो, "नेहमीचंच आहे मारोती. बस गेली म्हणून सांग."

"सांगतलं साहेब. तीन डाव सांगतलं. तरी उभेच हायेत. पिशवीबी खिळ्याला लावून नाही राहिले, छातीशी धरून बसलेत."

आणि तेवढ्यात मला मागून सरांचा आवाज आला. स्पष्ट, वर्गातला आवाज. "गजाननला दे फोन. गजानन, अरे, ऐक..."

गजानन. दीड-दोन वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव आलं नव्हतं. 'अरे'सुद्धा आलं नव्हतं. मी ते ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं मी कोणालाही सांगू शकलो असतो, मारोतीलासुद्धा, पण मी ते ऐकलं आणि क्षणभर थबकलोही. मग समितीतल्या कोणीतरी दारातून माझ्याकडं पाहिलं. मी मारोतीला म्हणालो, "नंतर बोलतो," आणि फोन बंद करून खिशात टाकला.

सुमनबाई त्या दिवशी दुपारी लेकीकडं गेल्या होत्या. मारोतीला गेट सोडता येत नव्हतं आणि सरांना सोडायचं नाही ही माझी ऑर्डर होती. त्यानं अकरा नंबरच्या आजींना हाक मारली, त्यांनी नेहमीसारखं वरून सांगितलं, गेली हो सर, उद्या जा. शाळेतून येणारी पोरं सांगून गेली. प्रत्येकाला सर म्हणत राहिले की आज खरंच जायचंय. मारोतीनं नंतर मला हे सांगितलं तेव्हा तो जमिनीकडं बघत होता. म्हणाला, "साहेब, ते माझ्या पाया पडाले आले हो."

मी सहा वाजता आलो. सर बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी. मी म्हणालो, "चला सर, घरी जाऊ." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बस गेली म्हणून सांगायला तूच सांगितलंस ना?" मी त्यांना उठवायला हात पुढं केला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला जुना बटणांचा फोन वाजला. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला, विद्यार्थ्याला पुस्तक द्यावं तसा. पलीकडं भाचा होता, अक्काचा मुलगा बाबूराव. "मामा निघाले का न्हाई? आईनं पाच वाजता डोळे मिटले. लई वाट पाह्यली. दुपारपसून किसन आला का, किसन आला का, एवढंच चालू होतं."

मी गाडी काढली. कळमनुरीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजवायला लावलेली होती, काचा वर घेतल्या तरी तो वास आत येत होता. सर सगळा रस्ता बरोबर ओळखत होते. इथून पूल, आता उतार, आता डावीकडं शाळा. मी दोनदा 'सर' एवढंच म्हणू शकलो. ते समोर बघत राहिले. बाळापूरला अंगणात लोक बसले होते. एक म्हातारा उठून म्हणाला, "मास्तर आले. माहेरचं लुगडं आलं का?" आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि अक्काच्या माहेरी सरांशिवाय कोणीच उरलं नव्हतं. मला धसकाच बसला, आता या वेळी लुगडं कुठून आणायचं. सरांनी पिशवीत हात घातला. टॉवेल आणि पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि खालून भाऊबिजेचं लुगडं काढलं, घडी न मोडलेलं. इतके महिने ते आमच्या गेटवर, मारोतीच्या केबिनमध्ये, खिळ्याला टांगलेलं होतं. मी रोज येता-जाता ती पिशवी बघत होतो. आत काय आहे, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

लोक म्हणतात, या आजारात एक बरं असतं, माणूस दुःखसुद्धा विसरतो. मीही त्या आशेवर होतो. सर पुढं पुन्हा सगळं विसरले. मला परत साहेब म्हणायला लागले, सुमनबाईंना आई म्हणाले, एकदा आरशातल्या स्वतःलाच नमस्कार केला. पण गेटवर ते एकदाही आले नाहीत. बाळापूर, अक्का, बस, हे शब्द त्यांच्या तोंडी येईनासे झाले. मी मुद्दाम चार वाजता त्यांच्याकडं जाऊन बसायचो. एकदा न राहवून मीच म्हणालो, "सर, बाळापूरला जाऊन यायचं का? माझी गाडी आहे." ते सभ्यपणे हसले. "नको साहेब. तुमाला कशाला तकलीफ." ...त्या वाक्यात त्यांना काही आठवत होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. मारोती एकदा म्हणाला, "साहेब, आता गेटवर काहीच तरास नाही," आणि लगेच तोंड फिरवून लिंबाखालचा पाला झाडायला लागला. उन्हाळा संपता संपता, एका दुपारी जेवून झोपलेले सर उठले नाहीत.

नितीननं घर आवरलं. जाताना त्यानं विचारलं, "काका, बाबांचं आणखी कुठं काही राहिलंय का?" मी नाही म्हणालो. पिशवी अजून केबिनमध्ये खिळ्यालाच आहे. बाळापूरहून परत आल्यावर मीच ती तिथं लावली होती, उतरवायचं कोणाच्या मनात आलं नाही. मारोती केबिन झाडतो तेव्हा ती काढतो, झटकतो, पुन्हा लावतो.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. अकरा नंबरच्या आजी गेटवर येऊन उभ्या होत्या, हातात डबा, पायात वेगवेगळ्या चपला. माहेरी जायचं म्हणत होत्या. त्यांचं माहेर सेनगावकडं होतं. तिथं आता कोणी नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सून शाळेत शिकवायला गेलेली, मुलगा बाहेरगावी.

"काय सांगू साहेब?" मारोतीनं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधीच तो म्हणाला, "बस गेली असं मी आता म्हणणार न्हाई साहेब. दुसरं काय म्हणायचं ते तुमी सांगा."

मी त्याला म्हणालो, बसव त्यांना, मी येतो. अर्ध्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवून निघालो. कॉलेज ते कॉलनी रस्ताभर मी शब्द शोधत होतो. सोडावं तर वाशीम रस्त्यावरची वाहतूक आहे, अडवावं तर... सरांनी नियम लिहिले तेव्हा ते बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिले होते. आत थांबलेल्या माणसाला काय सांगायचं, हे त्यांच्या कागदात कुठं नाही. मला तर सुचत नाहीच.

आजी बाकावर बसल्या होत्या. मारोतीनं त्यांना पाणी दिलं होतं आणि तो स्वतः खाली जमिनीवर बसला होता, गेटकडं पाठ करून. मी आजींच्या शेजारी बसलो. केबिनच्या खिडकीतून पिशवी दिसत होती. आजींनी डब्यावरचा हात न काढता विचारलं, "का रे बाबा, बस कवा हाय?"

"मला माहीत नाही आजी," मी म्हणालो. त्या बरं म्हणाल्या, आणि आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.